आलोच

आलोचचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते बिचारं जन्मभर तिथेच पडून राहिलं. कचेरीत त्या नावाने त्याला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. साहेबांनी टेबलावरची घंटी दाबली की तिचा नाद विरायच्या आत बाहेरच्या बाकावरून आवाज यायचा, "आलोच!" आणि आवाजापाठोपाठ दारात तो. हे इतकं अंगवळणी पडलं की नवीन लागलेले कारकून तेच त्याचं नाव समजून हाक मारू लागले. पुढे एका कारकुनाच्या लग्नाची पत्रिका घरी आली, तिच्यावर चांगल्या वळणदार अक्षरात 'श्री. आलोच आणि वहिनी' असं लिहिलेलं. आलोचने ती पत्रिका कितीतरी दिवस आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली होती.

वहिनी म्हणजे त्याची बायको. घरी शिवणकाम करायच्या, अजूनही करतात. कचेरीतल्या निम्म्या लोकांच्या विजारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आलोचला सगळी कचेरी अरेतुरे करायची आणि वहिनींना मात्र अहोजाहो, आणि याचा कोण अभिमान होता त्याला! तेव्हा आपणही तीच रीत पाळू. त्याची हरकत नसणार.

तर असा हा आलोच, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेला, इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. पोटातली गाठ काढलेली. गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, पण ती काढायला पोट चांगलं वरपासून खालपर्यंत उघडावं लागलं होतं. आणि आता त्याच्या उजव्या हातात एक बटण होतं. बटणाची वायर खाटेशेजारच्या खांबावर लावलेल्या पंपाला जात होती आणि पंपात दुखणं थांबवणाऱ्या औषधाची मोठी सिरिंज बसवलेली. दुखलं की पेशंटने स्वतःच बटण दाबायचं, की थोडंसं औषध नळीतून थेट शिरेत. कुणाची विनवणी नको, इंजेक्शनची वाट बघत तळमळणं नको.

आणि आलोच ते दाबत नव्हता.

भुलीच्या डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला सगळं नीट समजावलं होतं. "काका, तुम्हाला किती दुखतंय ते तुमच्याइतकं आम्हाला नाही कळणार. म्हणून सगळा कारभार तुमच्या हाती. दुखायला लागलं की दाबा. जास्त जाईल अशी भीती बाळगू नका. एकदा औषध गेलं की थोडा वेळ कितीही दाबा, पंप नुसता वाजतो, देत काही नाही." आलोच खाटेच्या काठावर अवघडून बसून "हो बाई, हो बाई" करत होता. वहिनींनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. तो असं लागोपाठ 'हो बाई' म्हणायला लागला की त्याचं चित्त फक्त एकाच गोष्टीत असतं: समोरच्या माणसाचं बोलणं कधी संपतं आणि आपण त्याला दार कधी उघडून देतो. आणि झालंही तसंच. डॉक्टरबाई वळल्या, तर हा पाठीवर नाड्यांचा तो इस्पितळाचा झगा सावरत त्यांच्या आधी दाराशी हजर.

ऑपरेशनला नेतानाही त्याचा स्वभाव गेला नाही. ढकलगाडी निघाली तेव्हा वहिनी विचारत होत्या, "अहो, कपाटाची किल्ली कुठे ठेव—", तेवढ्यात दार मिटलं. सगळा दिवस त्या दारासमोर बसून गेला. संध्याकाळी त्याला वॉर्डात आणलं, त्याने अर्धवट डोळे उघडले, आणि भुलीतून जागं झाल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, आईला हाक मारतात, हा म्हणाला, "शिवणाच्या डब्यात."

लेक म्हणाली, "आई, बाबा भ्रमात आहेत का?"

"कसला भ्रम. किल्ली," वहिनी म्हणाल्या. आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू त्यांना तेव्हा आलं.

समोरच्या खाटेवर एक निवृत्त बस ड्रायव्हर होता, किडनी काढलेला. त्यालाही तसाच पंप लावला होता आणि जन्मभर हॉर्न दाबलेल्या त्या माणसाला बटणाचं काहीएक वावडं नव्हतं. जरा कळ आली की अंगठा खाली. पंप 'टुंग' करायचा. आणि तो पहिला टुंग वॉर्डात वाजला तेव्हा आलोच डोळे मिटूनच "आलोच!" म्हणाला आणि उठायला गेला. टाके घातलेलं पोट, नळ्या, पिशव्या, कशाचं म्हणून भान नाही. कोपर टेकून अंग वर उचललं आणि तिथेच तोंडाचा आ करून थिजला. सिस्टर धावत आल्या. वयाने लेकीएवढ्या, पण आवाज असा की व्हरांड्याच्या पलीकडचे पेशंटही सरळ झोपावेत. "कुठे निघालात काका?"

"बोलावलं ना," आलोच म्हणाला.

"कुणी बोलावलं नाही. झोपा."

ड्रायव्हरला मोठी मौज वाटली. म्हणाला, "अहो पाहुणे, मी दाबलं. तुम्ही कशाला येताय? तुमच्याकडे आहे की तुमचं. दाबा बिनधास्त. यात पेट्रोल आपलं जळत नाही." आलोच कसंनुसं हसला. हसताना पोटाला ओढ बसली तेव्हा तेही आवरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी त्याच्या पाठीला नळी लावून ऐकलं. "खोल श्वास घ्या. आणखी खोल. आता खोका." आलोचने खोकल्याचं नुसतं सोंग केलं. घशातल्या घशात. त्याचं सगळं अंग फळीसारखं ताठ होतं आणि कपाळावर बारीक घाम होता. "दुखतंय का?" असं विचारल्यावर "नाही, ठीक आहे," हे उत्तर मात्र तयार.

डॉक्टरबाईंनी पंपाकडे पाहिलं आणि माय-लेकींना बाहेर बोलावलं. "त्यांनी एकदाही दाबलेलं नाही. दुखतं म्हणून ते वरच्यावर श्वास घेतायत, खोकत नाहीत. छातीत खाली कफ साठायला लागलाय. आज ते खोकले नाहीत, उठून बसले नाहीत, तर न्यूमोनिया होईल. या वयात, एवढ्या ऑपरेशननंतर, ते मला नको आहे."

"मग तुम्हीच द्या ना इंजेक्शन," लेक म्हणाली.

"देईन की. पण किती द्यायचं ते मला अंदाजाने ठरवावं लागेल. कमी पडलं तर हेच हाल. जास्त झालं तर झोपून राहतील, आणि झोपलेला माणूस खोकत नाही. हे बटण त्यासाठीच आहे, दुखणं कमी व्हावं आणि माणूस जागाही राहावा. संध्याकाळपर्यंत बघते, नाहीतर त्यांना परत आत आयसीयूत न्यावं लागेल. समजवा त्यांना."

लेकीने समजावलं. तिची समजूत घालायची पद्धत तिच्या शाळेतल्या पोरांवर चालत असेल, बापावर चालेना. "बाबा, दाबा." "हो गं, दाबतो." "आत्ता दाबा, माझ्यासमोर." "आत्ता कुठे दुखतंय?" शेवटी ती रडकुंडीला येऊन चहा आणायला म्हणून खाली गेली.

वहिनी स्टूल ओढून त्याच्या कानाशी बसल्या. "का दाबत नाही? मला तरी खरं सांगा."

आलोचने आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काल रात्रपाळीच्या आधी त्या ड्रायव्हरने बटण दाबलं ना, तेव्हा सिस्टर हातातला कप ठेवून उठल्या. नुकता ओठाला लावला होता गं."

"ते बोलवायचं बटण वेगळं. ते भिंतीवरचं. हे सिस्टरांकडे वाजत नाही. हे नुसतं औषधाचं."

"असं म्हणतात," आलोच म्हणाला. "पण वायर आहे म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतंच."

ज्या माणसाने सगळं आयुष्य वायरीच्या दुसऱ्या टोकाला काढलं, त्याला काय सांगायचं की तिथे कुणी नाही.

वहिनींना ते टोक चांगलं माहीत होतं. लग्न नवीन असताना तो एकदा डबा विसरून गेला आणि त्या डबा घेऊन कचेरीत गेल्या. लांबलचक व्हरांडा, उंच दारं, आणि दारांच्या समोर भिंतीला टेकून एक लाकडी बाक, बसून बसून मध्ये गुळगुळीत झालेला. वर फळ्यावर खोल्यांचे आकडे आणि एक विजेची घंटा. पण आलोच फळ्याकडे बघायचाच नाही. नुसत्या आवाजावरून सांगायचा. मोठे साहेब घंटी दाबून धरायचे, हिशेबाच्या बाई दोनदा टिचकी मारल्यासारखी वाजवायच्या, आणि एक छोटे साहेब होते ते इतकी हळूच वाजवायचे की त्यांचीच त्यांना लाज वाटत असावी. आलोचचा त्यांच्यावर फार जीव.

त्या दिवशी वहिनी त्याला सांगत होत्या, "येताना जरा काळा दोरा—" आणि घंटा वाजली. "आलोच!" नवरा नाहीसा. नवी नवरी हातात डबा घेऊन बाकापाशी एकटी उभी. फायली घेऊन माणसं जातायत, येतायत, वळून बघतायत. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागाने डबा बाकावर ठेवून निघणार, तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, "हं. काळा दोरा. पुढे?"

असं जन्मभर चाललं. वाक्य कुठेही तुटू दे, तो परत येऊन नेमकं तिथूनच उचलायचा. पोरीच्या बारशाच्या वेळचं बोलणंही एकदा त्याने आठवड्याने पुरं केलं होतं. वहिनींच्या मैत्रिणींचे नवरे समोर बसून ऐकत नसत आणि हा निघून गेलेलाही ऐकत असे. हे सुख वहिनींनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. नजर लागते असल्या गोष्टींना.

त्याचा चहा मात्र नेहमी गार. बाकाखाली बशीने झाकलेला कप असायचा, आणि घोटाघोटाला घंटा. "घंटी वाजली की कुणाचा तरी चहा निवतो," असं तो म्हणायचा. तक्रार म्हणून नव्हे, पाऊस पडला की रस्ता भिजतो म्हणावं तसं. फक्त एक होतं. आपल्या हाताने कुणाचा चहा निवता कामा नये, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. दुकानात गेला तर काउंटरवरची घंटी न वाजवता दुकानदार मागून येईपर्यंत उभा राहायचा. लेकीच्या घरी गेला तर दारावरची बेल न दाबता बाहेरून नुसता खाकरायचा. जावई म्हणायचे, "बाबा आले वाटतं, बाहेर कुणीतरी खाकरतंय."

निवृत्तीच्या दिवशी तर गंमतच झाली. निरोपाची भाषणं झाल्यावर मोठ्या साहेबांनी त्याचा हात धरून त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, "आज तू घंटी वाजव आणि मी येतो." सगळी कचेरी टाळ्या वाजवायला तयार. साहेब खरोखर बाहेर जाऊन बाकावर बसले. आलोचने घंटीवर हात ठेवला. ठेवला तो ठेवला. मग खिशातून फडकं काढून घंटी लख्ख पुसली, जागेवर ठेवली आणि उठला. लोकांना वाटलं, हा पण एक विनोदच. खूप हसले, टाळ्या पडल्या. घरी आल्यावर त्याने वहिनींना सांगितलं, "हातच उठेना गं. साहेबांचा गुडघा दुखतो."

आता तोच हात पांघरुणावर पडला होता, मुठीत बटण. दुपारी थकव्याने आलोचचा डोळा लागला. झोपेतही कपाळाची आठी तशीच आणि श्वास अगदी वरवर, ओठांपाशी. वहिनी बघत राहिल्या. संध्याकाळ म्हणता म्हणता येईल. डॉक्टरबाई येतील, त्याला पुन्हा त्या दारापलीकडे नेतील. वहिनींनी दोन्हीकडे पाहिलं, हळूच त्याच्या मुठीत हात घातला आणि बटणावर आपला अंगठा ठेवला.

"वहिनी!"

हा ड्रायव्हर नव्हता, सिस्टर होत्या. एरवी काकू म्हणायच्या, पण एका दिवसात ड्रायव्हरचं ऐकून त्याही वहिनी म्हणायला लागल्या होत्या. त्यांनी वहिनींचा हात उचलून अलगद बाजूला केला. आवाज नेहमीपेक्षा चक्क खाली आला होता. "हे नाही करायचं. कधीच नाही. पेशंटनेच दाबायचं."

"अहो, पण त्यांना दुखतंय. झोपेत सुद्धा दुखतंय."

"मला दिसतंय. पण ऐका. औषधाने झोप आली की बोट थांबतं, आणि बोट थांबलं की औषध थांबतं. तीच या मशीनची राखण आहे. झोपलेल्या माणसाला दुसऱ्याने देत राहिलं, तर श्वासच मंद होत जातो, आणि कधी थांबतो ते कळतही नाही. लोक मायेपोटी करतात. आणि मग आम्हाला पळापळ करावी लागते."

वहिनींनी हात पदराखाली घेतला. सिस्टर गेल्यावर त्या नुसत्या बसून राहिल्या. ज्याच्यासाठी जीव तीळतीळ तुटतो त्याच्यासाठी अंगठाभर जोर लावायचीही मुभा नाही, म्हणजे बघा.

बसल्या बसल्या त्यांचं लक्ष आपल्या पायाकडे गेलं. उजवा पाय अजून थोडा ओढत चालतो. लेक लहान असताना वहिनी जिन्यावरून पडल्या तेव्हा मोडला होता. प्लास्टरमध्ये पाय, खाटेवरून उतरायची चोरी. त्याच सुमारास कचेरीतल्या अडगळीतून विजेच्या आधीच्या, टेबलावरच्या जुन्या पितळी घंट्या बाहेर निघाल्या. आलोच त्यातली एक मागून घेऊन आला. वहिनींच्या उशाशी ठेवून म्हणाला, "काही लागलं तर वाजव. हाका मारून घसा कोरडा करू नकोस."

पहिला दिवस वहिनींनी संकोचाने काढला. मग पाण्यासाठी वाजवली. नळावरून आवाज आला, "आलोच!" ओल्या हातांनी तो दारात. मग उशी सरकवायला. मग पोरगी काय करतेय ते विचारायला. आणि मग एकदा, का कोण जाणे, वहिनींनी काहीच नको असताना वाजवली. तो आला. "काय गं?" "काही नाही. सहज." वाटलं, आता चिडेल. दिवसभर कचेरीत तेच, घरी आल्यावर तेच. पण तो "बरं" म्हणाला, त्यांच्या अंगावरचं पांघरूण उगाच जरा नीट केलं आणि गेला. वहिनींना चटकच लागली. पाय बरा होईपर्यंत त्या घंटीचे फार लाड झाले. प्लास्टर निघालं त्या दिवशी वहिनींना आनंद झाला तसं थोडं वाईटही वाटलं. ती घंटी अजून फळीवर आहे, कापडाने झाकलेली.

आलोचने डोळे उघडले.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "माझा पाय मोडला होता तेव्हाची घंटी आठवते?"

"न आठवायला काय झालं."

"मी उगाचच वाजवायची. काम नसताना."

"माहीत आहे."

"माहीत होतं? मग यायचात कशाला?"

आलोच तुटक तुटक बोलला, श्वास पुरत नव्हता. "कचेरीत घंटी वाजली की शिपाई हवा असायचा. कुणीही चालला असता. तुझी वाजली की... मी हवा असायचो."

वहिनींना गलबलून आलं. आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांना राग आला. इतक्या वर्षांचा, नीट घडी घालून ठेवलेला राग.

"मग मला का नाही कधी बोलावलंत? एवढ्या वर्षांत एकदा तरी? तापाने फणफणलात तरी पाणी स्वतः उठून घेतलंत. तुम्हाला जे आवडलं ते मला नसतं का आवडलं? मी हवी आहे, हे मला कधी कळायचं?"

आपण बोलवावं म्हणून कुणी वाट बघत असेल, हे आलोचच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"दाबा ते," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतंच ना? मी आहे. तुम्ही दाबा, मी येते."

"तू तर इथेच बसलीयेस."

"मग उठून जाते."

आणि त्या खरंच उठल्या. स्टूल उचललं आणि पार दाराशी नेऊन ठेवलं, यायला जागा हवी म्हणून. पदर खोचून त्यावर बसल्या. ड्रायव्हर उशीवर मान उचलून बघू लागला. दुपारचा चहा घेऊन आलेली लेक दारातच थांबली.

आलोचचा अंगठा बटणावर गेला आणि थांबला. निवृत्तीच्या दिवशी थांबला होता तसाच. त्याने दाराकडे पाहिलं. वहिनी तिथे बाकावर बसावं तशा बसल्या होत्या, अंग पुढे काढून, पाय जमिनीला रोवून, कुठल्याही क्षणी उठायच्या तयारीत.

टुंग.

"आलेच!" वहिनी म्हणाल्या.

सगळ्या वॉर्डाने ऐकलं. पाय ओढत, पण घाईने, त्या खाटेपाशी आल्या. "काय हवंय?"

ज्या माणसाने 'आलोच' हा शब्द उभ्या आयुष्यात लाखो वेळा दुसऱ्याला दिला, त्याला तो परत पहिल्यांदाच मिळत होता. त्याचे डोळे भरून आले. मग तो म्हणाला, "उशी जरा वर कर." उशी मुळीच खाली नव्हती. वहिनींनी ती वर केली.

"आमची ही तर नुसतं 'काय आहे आता' म्हणते," समोरून ड्रायव्हर म्हणाला.

औषध हळूहळू अंगात भिनलं. आधी कपाळ सैल पडलं, मग खांदे, मग घट्ट आवळलेले गुडघे. थोड्या वेळाने त्याने पुन्हा दाबलं, आणि पुन्हा "आलेच!" सिस्टरनी एक उशी त्याच्या पोटावर धरायला दिली. "ही घट्ट आवळा आणि खोका. पोटातून. लाजू नका." आलोच खोकला. पहिला खोकला नुसता कोरडा, दुसरा खरा, आणि तिसऱ्याला छातीतलं सगळं सुटून वर आलं. लेकीने घाईने भांडं पुढे केलं. पिवळट घट्ट कफ बघून इतका आनंद होऊ शकतो हे तिला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा आलोच पाय खाली सोडून खाटेवर बसला होता. त्यांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आता कसं." त्याला कुठेही न्यायचं कारण उरलं नव्हतं.

सकाळी त्या पुन्हा आल्या, तेव्हा वहिनी दाराशी स्टुलावर एका झबल्याला टीप घालत बसल्या होत्या. आलोच खिडकीतून बाहेर बघत होता, गालांवर थोडा रंग आलेला. डॉक्टरबाईंनी पंपाची बटणं दाबून पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, हे काय? औषध गेलंय अगदी बेताचं. पण बटण दाबलंय केवढ्या वेळा! मध्ये औषध मिळत नाही हे माहीत असून सारखं दाबताय. एवढं दुखतंय? मग मला डोस वाढवायला हवा."

"नको, नको," आलोच गडबडीने म्हणाला. "दुखत नाही बाई."

"उगाच सोसू नका हं. खरं सांगा."

"खरंच नाही दुखत."

"मग दाबत कशाला होतात?"

आलोच लहान मुलासारखा लाजला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं आणि पांघरुणाची कड बोटाने सारखी करत म्हणाला,

"सहज."

या खेपेला पंप वाजला नव्हता. तरी वहिनी मांडीवरचं झबलं बाजूला ठेवून उठल्या.